काळजीलाही ड्युटी लावून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. तरुण मुली एकट्या परदेशात इंग्रजी शिकवायला जातात, त्यांचे आईबाप त्यांना पाठवतातच कसे, असा त्यांचा सूर होता. माझी थोरली मे २०२४ पासून थायलंडमध्ये खॉन केन या शहरात, एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. एकटी राहते. तेव्हा ‘पाठवतातच कसे’ याचं उत्तर माझ्याकडे आहे, जरा लांबलचक आहे एवढंच.

मी बत्तीस वर्षं एसटीत काढली. आधी कंडक्टर, शेवटची अकरा वर्षं वाहतूक नियंत्रक. नवीन होतो तेव्हा मिरजेहून जत तालुक्यात मुक्कामी गाडी घेऊन जायचो. रात्री देवळात पाठ टेकायची, पहाटे साडेपाचला गाडी काढायची. फोन नव्हता. माझी आई सकाळी कुणाला तरी स्टँडवर पिटाळायची, ‘जतची मुक्कामी आली का बघून ये.’ गाडी आली म्हणजे पोरगा आला. तीच आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि नातीच्या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा शहाणी निघाली. ते पुढे सांगतो.

२०२३ च्या दिवाळीत मुलीनं विषय काढला. एम.ए. इंग्रजी, बी.एड. झालेली, सांगलीत चार वर्षं शिकवलेली. मी सरळ नाही म्हटलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही काळजी करू नका.” इथंच तिचं चुकलं. हे वाक्य मी नोकरीत हजारो प्रवाशांना ऐकवलंय, ‘येईल गाडी, काळजी करू नका.’ त्यानं एकाचीही काळजी कमी झालेली पाहिली नाही, उलट माणूस चिडायचा. पण ‘तासगावहून नऊ दहाला सुटलीय’ एवढं सांगितलं की गप बाकड्यावर जाऊन बसायचा. मुलीला मी तेच सांगितलं. मला धीर नको, कंट्रोल चार्ट दे, म्हणजे कुठली गाडी कुठे नि केव्हा याचा तक्ता.

मग जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येकानं आपापली भीती लिहून काढली. ज्याची भीती, तिची खातरजमा करायची ड्युटी त्यालाच. सौ.ची भीती आजारपणाची आणि रात्री-अपरात्रीची. माझी फसवणुकीची. मेव्हण्यांची, लोक काय म्हणतील. (त्यांना कुठलीच ड्युटी दिली नाही.) आईनं काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, “तिथं शेजार कसा हाय?” आम्ही हसलो.

फसवणुकीची भीती उगाच नव्हती. थायलंडमध्ये नोकरी म्हणून आपली पोरं न्यायची आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबायची, हा प्रकार खरा आहे. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. पुढे मुलगी तिकडे असतानाच, मार्च २०२५ मध्ये, अशा अड्ड्यांवरून सुटलेले ५४९ भारतीय हवाई दलाच्या विमानांनी परत आणले, तेही थायलंडच्या माए सॉट या गावातून. मी नकाशा घेऊन बसलो. माए सॉट पश्चिमेच्या टोकाला, म्यानमारच्या सीमेवर. खॉन केन ईशान्येला. दोरा लावून मोजलं, भरपूर अंतर. जरा हायसं वाटलं. मग दिसलं की दोन्हीकडे जाणारा महामार्ग एकच आहे, बारा नंबरचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. नकाशा वाचता येण्याचे तोटेही असतात.

पुण्यातला एक एजंट आधी आमच्या घरी येऊन गेला होता. दीड लाख मागत होता. म्हणे, भारतीयांना आता थायलंडला व्हिसा लागत नाही, आत्ता नुसती जाऊ दे, कामाचा परवाना तिथं गेल्यावर करू. त्यात खरं एवढंच की नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं आपल्याला पर्यटनासाठी विनाव्हिसा सोडायला सुरुवात केली होती. पर्यटनासाठी! त्यावर नोकरी करणं म्हणजे रिझर्व्हेशनच्या गाडीत बिनतिकीट बसणं. चेकर आला की उतरवणारच, आणि तोवर तुम्ही ज्याच्या जिवावर बसलात त्याच्या मुठीत. मी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत त्याचं नाव शोधलं. नव्हतं. नोंदणी असलेल्या एजंटालाही तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हेही तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

शेवटी मुलीनं स्वतःच शाळेकडे अर्ज केला. माझी ड्युटी कागद तपासायची. नेमणुकीच्या पत्रावर शाळेचं नाव-पत्ता आहे का, तो फोन शाळेतच लागतो का. पासपोर्टवर पडणारा व्हिसा नॉन-इमिग्रंट ‘बी’ आहे का, म्हणजे नोकरीचा. कामाच्या परवान्यात ह्याच शाळेचं नाव येणार का. शाळेनं पैसे मागितले का? नाही. उलट शाळेनंच आमच्याकडून ढीगभर कागद मागितले. पोलिसांचा दाखला, पदवीच्या साक्षांकित प्रती, शिवाय इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, कारण आपल्यासारख्या देशांतल्या शिक्षकांना इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं. इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांतल्या माणसाला ते माफ, आणि पगारही बहुतेक ठिकाणी जास्त. मुलगी म्हणाली, “बाबा, भाडं वेगळं, सीट तीच.” याचा राग मला अजून आहे. पण एक सांगतो, जी शाळा इतके कागद मागते ती सहसा माणूस पळवून नेत नाही. पळवणाऱ्याला फक्त पासपोर्ट हवा असतो.

सौ.ची ड्युटी माणसं बघायची. त्या शाळेत आधीपासून शिकवणारी फिलिपिन्सची एक बाई आहे. तिथल्या शाळांत फिलिपिनो शिक्षक पुष्कळ. तिच्याशी व्हिडिओवर बोलायचंच, असा सौ.चा हट्ट. मुलीला संकोच वाटत होता, पण सौ. आपल्या इंग्रजीत अर्धा तास बोलल्या. बाजार किती लांब, दवाखान्यात इंग्रजी कळतं का, रात्री किती वाजेपर्यंत रस्त्यावर माणसं असतात. माझ्या सगळ्या कागदांपेक्षा त्या अर्ध्या तासानं घर जास्त शांत झालं, हे कबूल करतो.

आता ज्याची भीती आमच्यापैकी कुणीच लिहिली नव्हती ते. शेवटी आमच्या डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरनं विचारलं, “साहेब, तिथं ट्रॅफिक कसं?” थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांचं प्रमाण जगात फार वरचं आहे, आणि त्यातले बहुतेक दुचाकीवरचे. परदेशातनं आलेले तरुण पहिल्याच आठवड्यात स्कूटर भाड्यानं घेतात. लायसन नसतं, हेल्मेट हँडलला लटकलेलं. अपघात झाला की विमा कंपनी लायसन मागते आणि हात वर करते. आम्ही सगळे गुंड, दलाल, अंधाऱ्या गल्ल्या यांनाच घाबरत होतो आणि हे साधं दुखणं समोर असून दिसलं नव्हतं. बत्तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला सुद्धा! मी एकच अट घातली, दुचाकीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा ती भडकली. मग तिथं गेल्यावर तिनं सॉन्गथ्यूचा फोटो पाठवला. सॉन्गथ्यू म्हणजे दोन रांगा. मागे समोरासमोर दोन बाकडी टाकलेली छोटी ट्रक, ठरलेल्या वाटेवर फिरते, हात केला की थांबते. खाली लिहिलं होतं, “बाबा, इथलं वडाप.” एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या त्या खासगी वडापचं कौतुक एसटीच्याच माणसाला करायला लागावं, यापरता सूड नाही.

शेजाराचं उत्तर जूनमध्ये मिळालं. ती राहते त्या इमारतीची मालकीण साठीची बाई आहे. मुलगी तिला ‘पा’ म्हणते, तिकडे आईपेक्षा मोठ्या बाईला असंच म्हणतात. त्या भागात चिकट भात खातात, हाताने मुटका करून. पा सकाळी छोट्या टोपलीत तो भात घालून हिच्या दाराच्या मुठीला अडकवून जाते. भाडेकरू परदेशी असला की चोवीस तासांत त्याची नोंद सरकारदरबारी करायची, हा तिथं मालकाला कायदाच आहे. पा-नं ती नोंद केली आणि पावतीची प्रत हिच्या हातात दिली. आईला टोपलीचा फोटो दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. म्हणाली, “मग झालं की. तुमची ती कागदं ठेवा आता पेटीत.”

त्याच महिन्यात शाळेत त्यांची गुरुवंदना झाली. वाई ख्रू म्हणतात. ख्रू म्हणजे आपला गुरूच. दिवस गुरुवार. पोरं गुडघ्यावर बसून शिक्षकांना फुलांची तबकं देतात आणि त्यात ठरलेल्या गोष्टी असतात. एक्झोराची, म्हणजे आपल्या रुक्मिणीची फुलं, वांग्याचं फूल आणि दूर्वा. दूर्वा! सौ.नी फोटो मोठा करून करून पाहिला. त्या दिवसापासून आमच्या घरात खॉन केनचा उच्चार बदलला. आधी ते ‘तिकडं’ होतं, आता ‘खॉन केनला’ झालं, विट्याला म्हणावं तसं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ठरलं होतं असं, की फोनवर चोवीस तास ठिकाण दिसत राहायचं नाही, त्यावर मुलगी अडून बसली होती आणि बरोबर होती. मी दिवसभर त्या निळ्या ठिपक्याकडेच बघत बसलो असतो. त्याऐवजी रोज शाळेत पोचली की एक ओळ, ‘गाडी लागली.’ तिथली वेळ दीड तास पुढे, म्हणजे आपल्या साडेसहाच्या आत ओळ येतेच. सप्टेंबरात एक दिवस आली नाही. सात झाले, आठ झाले. मी चौदा वेळा फोन लावला, बंद. सौ. देवापुढे. दूतावासाचा नंबर लिहिलेला कागद शोधतो तर तो पेटीत, आणि पेटीची किल्ली आईच्या कनवटीला. शेवटी सौ.ना त्या फिलिपिनो बाईंची आठवण झाली. त्यांनी वर्गातनंच फोन उचलला आणि कॅमेरा फिरवला. मुलगी फळ्यावर क्रियापदं लिहीत होती. फोन रात्री पावसात भिजून गेला होता आणि आईबाप मिरजेत अर्धमेले झालेत याची तिला गंधवार्ताही नव्हती.

त्या दिवसापासून कागद भिंतीवर आला, कॅलेंडरशेजारी. ओळ आली नाही तर आठपर्यंत काही करायचं नाही. आठला फिलिपिनो बाई. नऊला शाळा. दुपारपर्यंत कुणीच भेटलं नाही तर बँकॉकचा आपला दूतावास, आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार. खाली तिथले नंबर, पोलिस १९१, रुग्णवाहिका १६६९, परदेशी माणसांसाठी पर्यटन पोलिस ११५५. हेच नंबर तिच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. कागद आजवर नऊच्या ओळीपर्यंत गेलेला नाही.

२०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस तोफा चालल्या, तेव्हा नातेवाइकांच्या फोनला उसंत नव्हती. मुलीला परत बोलवा म्हणून. टीव्हीवर सुरिन प्रांताचं नाव होतं. आम्ही नकाशा काढला. सुरिनहून खॉन केन रस्त्यानं दोनशेहून जास्त किलोमीटर. मुलीला विचारलं, शाळा चालू आहे का. चालू होती. नातेवाइकांना मी ‘काळजी करू नका’ म्हटलं नाही. अंतर सांगितलं आणि शाळा चालू आहे हे सांगितलं. मेव्हण्यांना सुद्धा.

त्या पत्रलेखक गृहस्थांना मी चूक म्हणत नाही. त्यांची भीती आणि माझी भीती एकाच डेपोतली. फक्त ‘पाठवू नका’ याच्या पुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही, आणि आपल्या वृत्तपत्रातही फसवणुकीची बातमी पानभर येते, पण एजंटांची यादी कुठे पाहायची हे चौकटीतही येत नाही. तेवढी चौकट छापता आली तर पाहावं.

मुलगी एप्रिलच्या सुट्टीत घरी येणार आहे. तिथून निघण्याआधी पुन्हा आत येण्याचा परवाना काढावा लागतो, एका वेळचे एक हजार बात (बात म्हणजे तिथलं चलन). विसरलं तर विमान सुटताच तो व्हिसा संपला. ही आठवण करायची ड्युटी आईनं मागून घेतली आहे. मार्च उजाडायला अवकाश आहे, पण तिनं आत्ताच दर गुरुवारी विचारायला सुरुवात केली आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, मिरज