मशीन बारीक रेसवर तासन्‌तास चालवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

नारळी पौर्णिमा जवळ आली, होड्या पाण्यात उतरतील, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवतोय, जमलं तर त्याआधी छापा. आमच्या मालवण-देवबाग भागात हल्ली बरीच तरुण पोरं जुनी टू-स्ट्रोक मशीनं (होडीच्या मागे बाहेरून बसवायची आऊटबोर्ड इंजिनं) सेकंडहँड घेऊन फायबरच्या होडीला लावतात आणि सुरमई गरवायला, म्हणजे गळाने पकडायला जातात. मागे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सोडायचा, रेस एकदम बारीक करायची आणि दोन-दोन तास तसंच फिरत राहायचं. मीही हेच करायचो.

गेल्या ऑक्टोबरात दीड तास असाच बारीक रेसवर फिरलो, वारा वाढला म्हणून परत फिरलो आणि कर्लीच्या मुखाजवळ येऊन रेस दिली तर मशीन दोनदा भुकभुकलं, निळ्या धुराचा लोट सोडला आणि बंदच पडलं. सुकती (ओहोटी) लागलेली आणि पुढे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत होत्या. आधी नांगर टाकला, मग कव्हर काढून स्पार्क प्लग खोलले. दोन्ही प्लग काळे कुट्ट आणि तेलाने इतके ओले की बोटाला चिकट काजळी आली. जवळ जादा प्लग एकच होता. तो एका सिलेंडरला घातला, दुसरा फडक्याने पुसून ब्रशने घासला आणि कितीतरी वेळा दोरी ओढल्यावर मशीन लागलं. मुलगा सोबत होता, त्याचा चेहरा अजून आठवतो.

हे का होतं ते पोरांना कोणी सांगत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच जातं. बारीक रेसवर आतला जळका धूर नीट बाहेर पडत नाही, मशीन थंड राहतं, सगळं पेट्रोल जळत नाही, थोडं खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पेटीत) साठत राहतं आणि आपण एकदम रेस दिली की ते सगळं एका दमात वर येऊन प्लग भिजवतं. त्यात काही जण थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप, काढूनच टाकतात, म्हणजे मशीन तापतच नाही. आणि तेल जास्त टाकलं की मशीन जास्त टिकतं हा समज तर घरोघरी आहे. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल असं पन्नासास एकचं मशीन असेल तर लिटरला २० मिली, पंचवीसास एकचं असेल तर ४० मिली, मशीनच्या पुस्तकात जे दिलंय तेवढंच, कमीही नको कारण कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. आणि तेल आऊटबोर्डचंच घ्या, स्कूटरचं नको, ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

आता मी काय करतो ते सांगतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी तंगूस आत घेऊन दोन मिनिटं चांगली रेस देतो, आतला ओलावा जळून जातो. होडी हळू हवी असेल तर रेस कमी करत नाही, भोकं पाडलेली बादली मजबूत दोरीने मागे सोडतो, पंख्यापासून लांब, म्हणजे मशीनवर ओझं येतं, ते गरम राहतं आणि होडी तरी हळूच चालते. दोरी आणि तंगूस गुंतणार नाही एवढं मात्र बघावं लागतं. जास्त गरम प्रकारचा प्लग घाला असंही कोणी सुचवतात, पण मग फुल रेसवर पिस्टनला धोका, त्या वाटेला मी जात नाही. मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पिचकारीवर सतत नजर ठेवतो, मुखाजवळची वाळू पंपाचा रबर खाते आणि बारीक रेसवर पाणी आधीच कमी फिरतं.

आणखी एक, पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल वापरू नका. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी धरतं आणि कार्ब्युरेटरचं बारीक रेसचं भोक सगळ्यात आधी तुंबतं.

जुनं मशीन विकणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की तेलाचं प्रमाण टाकीवर पेंटने मराठीत लिहून द्या. मी माझ्या टाकीवर लिहिलंय, आणि जादा प्लग आता चार ठेवतो, तेही डब्यात, खाऱ्या हवेपासून झाकून.

– आपला एक वाचक, मालवण