प्रयोगशाळेतून तीन महिने संसदेत

लंडन, 12 जुलै

तीर्थरूप बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांनी एकच लावून धरलं, "अर्ध्यात सोडलं का बाई शिक्षण?" आणि तेवढ्यात रेंज गेली. तो प्रश्न घेऊन बाबा दिवसभर बांधीवर बसतील हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. भाऊने अक्षर मोठं करून द्यावं आणि आजीला वाचून दाखवताना मधलं मधलं गाळू नये.

पीएचडी सोडलेली नाही. तीन महिन्यांसाठी प्रयोगशाळेतून बाहेर पडले आहे, तेही रीतसर. ज्या सरकारी संस्थेच्या पैशावर मी शिकते, ती यूकेआरआय, त्यांचीच ही योजना आहे. पीएचडीच्या मुलांनी तीन महिने धोरण जिथे ठरतं तिथे जाऊन काम करायचं. कोणी सरकारी खात्यात जातं, कोणी रॉयल सोसायटीत, कोणी वैद्यकीय विज्ञान अकादमीत. मला संसदेचं विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय मिळालं. शिष्यवृत्ती चालूच राहते आणि प्रबंध द्यायची तारीख तेवढीच पुढे सरकते, म्हणजे पैशाचं नुकसान नाही, वेळेचंही नाही. व्हिसाचं विद्यापीठात विचारून घेतलं आहे. आईने तेवढ्यासाठी नवस बोलू नये.

आमच्या गाइडबाई फार खूश नव्हत्या. त्यांचं म्हणणं, पेशी काही तीन महिने वाट बघत नाहीत. ते खरंच आहे, पण त्यांनी सही केली आणि माझ्या पेशी सध्या दुसरं कोणी सांभाळतंय.

आता इथलं काम. हे कार्यालय 1989 पासून आहे. खासदारांपुढे लसीचं, औषधाचं, कीटकनाशकाचं विधेयक येतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी विज्ञान शाळेतच सोडलेलं असतं. त्यांच्यासाठी एका विषयावर चार पानांची टिपणं काढायची. चार पानांसाठी वाचायचे शंभर लेख, भेटायचं डॉक्टरांना, रुग्णांच्या संघटनांना, कंपन्यांना, सरकारी अधिकाऱ्यांना. मग ते बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यायचं, आणि शेवटी एकही शिफारस करायची नाही. हे करा, ते करू नका, असं एक वाक्य लिहिलं की खोडलं जातं. पहिल्यांदा मला राग आला. एवढं सगळं वाचायचं आणि मत द्यायचं नाही? पण सातबारा कुठे कोणाच्या बाजूने बोलतो, बाबा? तरी भांडण मिटवायला दोन्ही भाऊ त्याच्यावरच येतात. या टिपणाचं तसंच आहे. सत्ताधारी आणि विरोधक दोघंही तेच हातात घेऊन उठतात.

माझ्याकडे विषय आला तो आपल्या घरचाच म्हणावा असा. सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी वाकड्या होण्याचा आईबापांकडून येणारा आजार, त्यावर जनुकात दुरुस्ती करणारा एक उपचार निघाला आहे. 2023 च्या नोव्हेंबरात जगात सगळ्यात आधी याच देशाने त्याला मान्यता दिली. छापील किंमत एका रुग्णामागे साडेसोळा लाख पाउंड, आपल्या पैशात 18 कोटींच्या वर. तो सरकारी दवाखान्यातून द्यायचा की नाही, यावर इथे बराच खल झाला आणि 2025 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हो म्हटलं गेलं, तेही वर्षाला साधारण 50 रुग्णांना. हे कसं ठरलं, कोणी काय मोजलं, हे मी वाचते आहे. प्रयोगशाळेत मी वाकड्या झालेल्या लाल पेशी मोजते. त्या पेशींचा हिशेब पैशात कसा करतात, हे मला कधी कोणी शिकवलं नव्हतं.

पण खरं सांगू, वाचताना 18 कोटींपेक्षा एक जुना अहवाल डोक्यात बसला. 2021 मध्ये इथल्या सर्वपक्षीय खासदारांच्या एका गटाने तो काढला. सिकलसेलचं दुखणं उठलेला रुग्ण दवाखान्यात आला की अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावं, हा नियम इथे 2012 पासून कागदावर आहे. आणि रुग्ण सांगतात, आम्हाला तासन्‌तास बसवून ठेवलं, नाटक करता म्हणाले. इथले बहुतेक रुग्ण आफ्रिकी आणि कॅरिबियन घरांतले, म्हणून तर त्यांच्यावर विश्वास कमी, हेही अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. मला आपल्या मावशीची मोठी आठवली. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून आली की रात्री हातपाय धरून रडायची आणि एका दवाखान्यात सांधेवात म्हणून किती वर्षं गोळ्या चालल्या! तिचं खरं काय ते कळेपर्यंत तिचं शिक्षण सुटलं होतं. अहवालातल्या रुग्णांच्या जबान्या वाचताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. टिपणात त्यातलं काही येणार नाही, फक्त अहवालाचा उल्लेख एका ओळीत.

भाऊ विचारत होता, असल्या कागदांनी होतं काय. त्याला म्हणावं, आपल्या शेजारचंच गडचिरोली बघ. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळं मरायचं प्रमाण किती खाली आलं ते मोजून 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. सरकारने ते देशभर आशाताईंच्या कामात घेतलं 2011 मध्ये. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा येते, ती त्यातूनच. पण मधली 12 वर्षं बघ. पुरावा तर पहिल्याच दिवशी होता. तो टेबलावरून टेबलावर नेणारी माणसं लागतात, आणि आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना वाटतं पेपर छापला की आपलं काम संपलं. मला ते मधलं काम शिकायचं आहे.

योजनेत सगळं गोड नाही. यूकेआरआयच्या पैशावर नसलेल्यांना अर्जच करता येत नाही. माझी नायजेरियाची मैत्रीण स्वतःच्या पैशाने शिकते, घरात दोन भाऊ सिकलसेलचे, या विषयावर माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं आणि ती बाहेर. आपल्याकडे राज्य सरकारात तरुणांना काम करायला देणारी मुख्यमंत्री फेलोशिप आहे, पण वयाची अट 21 ते 26. पीएचडी करेपर्यंत माणूस त्यातून निघून गेलेला असतो.

आता घरचं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 17 राज्यांतल्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून, 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची. आपल्या गावात शिबिर झालं तेव्हा भाऊ चंद्रपूरला होता, त्याची तपासणी राहिली. मी एएस आहे, म्हणजे सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून आलेली वाहक, आई पण एएस आहे, म्हणजे तोही असू शकतो. एएस असणं हा आजार नाही, मी ठणठणीत आहे. पण नवराबायको दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक बाळ एसएस, म्हणजे आजार असलेलं, निघण्याची शक्यता असते. ब्रह्मपुरीकडचं स्थळ आलंय म्हणता, मग बाबा, पत्रिका दाखवायच्या आधी दोघांचं रक्त दाखवा. मुलीकडच्यांना राग येईल असं समजू नका, भाऊचं तपासणीचं कार्ड आधी त्यांच्यापुढे ठेवा, म्हणजे मागायला तोंड राहतं. साध्या तपासणीत पॉझिटिव्ह आलं तर तिथेच थांबू नका, इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखायची तपासणी, करायला सांगा, त्याशिवाय एएस की एसएस कळत नाही. आशाताईला विचारा, ती कुठे जायचं ते सांगेल.

आणि रात्री बांधीवर पाणी बघायला एकट्याने जाऊ नका. वाघ परत दिसला म्हणे, मला ते भाऊने नाही, लहानीने सांगितलं.

आजीला नमस्कार. भाऊच्या कार्डाचा फोटो आला की मी फोन करते.

तुमची
मोठी