पिकलबॉल बंद नको, बॅट बदला

संपादक साहेब, नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या पेपरात पिकलबॉलवरून, म्हणजे चपट्या कडक बॅटीने प्लास्टिकचा बॉल नेटवरून मारायच्या खेळावरून, जी जुंपलीय ती वाचतोय. एक पार्टी म्हणते बॅटीवर बॉल आपटल्याचं टॉक-टॉक ऐकून डोकं उठतं, कोर्टच बंद करा, दुसरी म्हणते माणसं मोबाईल सोडून घाम गाळतायत तर तुमच्या पोटात का दुखतं. दोघंही एकमेकांवर घसरतात पण बॅटकडे कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे.

आमच्या सोसायटीतही बॅडमिंटनच्या कोर्टावर पिकलबॉल सुरू झालाय. जमलं पटकन कारण दोन्हीचं माप एकच, २० बाय ४४ फूट. १९६५ ला अमेरिकेत बेनब्रिज बेटावर हा खेळ निघाला तोच मुळी घरच्या बॅडमिंटन कोर्टावर, रॅकेटी सापडेनात म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी घेऊन. आणि बॅडमिंटनचे नियम इंग्रजांनी पहिल्यांदा लिहिले आपल्या पुण्यात, तेव्हा त्या खेळाला 'पूना'च म्हणायचे. त्यामुळे मुंबईच्या सुनील वालावलकरांनी पिकलबॉल भारतात आणला तेव्हा अर्धा खेळ घरीच परत आला म्हणायला हरकत नाही. असो.

आता आवाजाचं. टेबल टेनिसचा बॉल २.७ ग्रॅमचा, पिकलबॉलचा २२ ते २६.५ ग्रॅम, म्हणजे आठ-दहा पट जड आणि वर कडक प्लास्टिकचा. टेनिसमध्ये बॉलही दबतो आणि रॅकेटच्या तारापण दबतात म्हणून तिथे आवाज जाड येतो. इथे कडक बॉल कार्बन नाहीतर फायबरग्लासच्या कडक पत्र्यासारख्या पृष्ठभागावर आपटतो, आत पोकळ खणांची प्लास्टिकची जाळी, त्यामुळे बॅट डफलीसारखी वाजते. जो सूर निघतो तो साधारण हजार-बाराशे हर्ट्झचा, माणसाचा कान अशा आवाजाला चांगलाच तिखट असतो. लोक मोबाईलच्या अ‍ॅपवर डेसिबल मोजून भांडतात त्याचा उपयोग नाही, कारण रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही जी मर्यादा आहे ती सरासरी काढून बघतात, आणि टॉक हा आवाज इतका छोटा की सरासरीत तो विरघळून जातो, पण खिडकीत बसलेल्या माणसाला प्रत्येक टॉक वेगळा ऐकू येतो, आणि पुढचा कधी येणार ते कळत नाही हा त्रास वेगळाच. तेव्हा तक्रार करणारे काका उगाच कटकट करतात असं समजू नका.

खेळणारे म्हणतात आवाज गेला तर मजाच गेली. मी टेबल टेनिसवाला, मला हे पटतं, आम्ही अर्धा खेळ कानाने खेळतो. १९५२ ला मुंबईत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तेव्हाचे मोठमोठे युरोपियन प्लेअर बॅटीवर स्पंज नसलेलं दाण्यादाण्यांचं रबर लावून खेळायचे, टक आवाजावरून समोरच्याने किती जोरात मारलाय ते ओळखायचे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला, तिचा आवाजच येईना. बॉल कधी सुटला आणि किती वेगाने येतोय काही कळेना, भलेभले गडबडले, आणि हा चष्मेवाला साधा दिसणारा माणूस फायनलला हंगेरीच्या कोच्यानला हरवून पुरुष एकेरीचा पहिला आशियाई वर्ल्ड चॅम्पियन झाला. आपल्या मुंबईत!

पण मग पुढे काय झालं? खेळ संपला का? भांडणं झाली, बरीच वर्षं झाली, शेवटी १९५९ ला नियम आला की नुसता स्पंज चालणार नाही, वर रबर पाहिजे आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिमीपर्यंतच. नंतर लोक बॅटच्या दोन बाजूंना दोन जातीचं रबर लावून कुठल्या बाजूने मारलं ते कळू नये म्हणून सर्व्हिसच्या वेळी पाय आपटून आवाज दाबायला लागले, मग ऐंशीच्या दशकात एक बाजू लाल एक काळी हा नियम आला. म्हणजे या असल्या खेळांत बॅटचे नियम बदलत आलेत, पिकलबॉलवाल्यांनी बॅटला हात लावू नका म्हणण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनेच कमी आवाजाच्या सामानाची वेगळी कॅटेगरी काढलीय.

सोसायटीच्या सकाळच्या खेळात तर सातोसारखा प्रश्नपण येत नाही, सगळ्यांनीच कमी आवाजाची बॅट घेतली तर फायदा-तोटा कोणालाच नाही. नवशिक्यांना आणि पोरांना फोमचा बॉल द्या, तो जवळजवळ वाजतच नाही, टूर्नामेंटच्या दिवशी काढा कडक बॉल. कमिटीने कोर्टाच्या बुकिंगमध्येच बॅटची अट घालावी. आणि वेळ सकाळी सातच्या आधी नको, एवढं तरी खेळणाऱ्यांनी मान्य करावं, सहा वाजता कुलूप उघडून उभे राहणारे आमच्याकडे आहेत, दुसरीकडेही असतील.

एक अडचण खरी आहे. कमी आवाजाची बॅट मागितली की दुकानदार हातात येईल ती देतो, ऑनलाइन तर सगळ्याच बॅटी 'सायलेंट' लिहिलेल्या. तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोणीतरी चार-पाच बॅटी घेऊन एकाच कोर्टावर, एकाच अंतरावर आवाज मोजून छापला तर आमच्यासारख्या कमिटीवाल्यांचं मोठं काम होईल.

– एक टेबल टेनिसवाला, ठाणे