छ्वे जे-ऊ यांचा विसर पडू नये

महोदय,

कोरियातील धर्मपंथांची चर्चा निघाली की युनिफिकेशन चर्च या पंथाच्या सामूहिक विवाहांची छायाचित्रे तेवढी पुढे येतात. १८६० मध्ये 'तोंगहाक' (पूर्वेची विद्या) पंथ स्थापणाऱ्या छ्वे जे-ऊ यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ग्योंगजूच्या एका विद्वानाचे पुत्र असूनही, आई पुनर्विवाहित विधवा असल्यामुळे त्यांना राजसेवेच्या परीक्षेचा मार्ग बंद होता. प्रत्येकाच्या अंतरी ईश्वर वसतो असे सांगणाऱ्या या पुरुषाने घरच्या दोन दासींना मुक्त करून एकीला सून, तर दुसरीला मानसकन्या केले, असे परंपरा सांगते. माझ्या मते त्यांच्या प्रवचनांहून ही कृती मोठी आहे. पाश्चात्त्य धर्माला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या या पंथावर दरबाराने ख्रिस्ती मताचाच संशय घेतला आणि १८६४ मध्ये तेगू येथे छ्वे यांना देहदंड दिला.

– एक वाचक