यंदाचा मळा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरा आहे, आईकडे देतो" यापलीकडे बोलत नाहीत, म्हणून पत्र. बाबा, लाल पेन घेऊन बसलात तरी चालेल, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतीलच. पण शेवटपर्यंत वाचा. मधेच घडी घालून तुळशीकट्ट्यावर ठेवू नका.

परवा रात्री इथे इंग्लंडात, स्विंडनला पहिलं दंव गोठलं. आई, बर्फ नाही पडला, वाड्यावर सांगत सुटू नको. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की रात्रीत जमिनीची ऊब उडून जाते आणि पानावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं पांढरं बसतं. दिसायला इतकं सुंदर की राग येतो. सकाळी गेले तर तांबडी भाजी कढईत उकडून काढल्यासारखी काळी, लोळागोळा. भोपळ्याचा वेल तसाच. सहा महिन्यांचा मळा एका रात्रीत आटोपला.

आदल्या संध्याकाळीच अंदाज कळला होता. घड्याळं मागे केल्यापासून इथे पाच वाजायच्या आत काळोख होतो. मोबाईलच्या उजेडात, हातमोजे घालून, असतील नसतील तेवढे टोमॅटो खुडून आणले. चार किलो, सगळे हिरवे. थंडी 10 अंशांच्या खाली गेली की ते झाडावर पिकतच नाहीत. आता कागदात गुंडाळून, मधे दोन पिकी केळी ठेवून खोक्यात घातलेत. आई मानकुराद आंबे गवतात घालायची ना, तसेच. मीही रोज वास घेऊन बघते आणि आईसारखीच स्वतःला ओरडते, "सारखं उघडू नको गो!" हरमलच्या मिरचीची कुंडी आधीच स्वयंपाकघराच्या खिडकीत आणलीय. सात मिरच्या लागल्यात. हसू नका.

केल हा इथला पाला मात्र तग धरून आहे. उलट दंव पडल्यावर त्याची पानं गोड होतात. पानातलं पाणी गोठू नये म्हणून झाड स्वतःच साखर तयार करतं म्हणे. बाबांना हे आवडेल म्हणून लिहिलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

माझ्या बाजूच्या वाफ्यावरचे आजोबा 78 वर्षांचे आहेत. इथे भाड्याने मिळणाऱ्या मळ्यांची जमीन अजून पोल या जुन्या मापात मोजतात. पुरा प्लॉट 10 पोलांचा, म्हणजे 250 चौरस मीटर. तो सगळा ते एकटेच कसत होते. कंबर गेली तेव्हा अर्धा सोडला, तोच मला मिळाला. अर्धा ठेवलाय आणि रोज येतात. वालाचे वेल काढताना मला ओरडले, "उपटू नको, बुडात काप, मुळं राहू दे, जमिनीला खत होतं." आपल्या आळसांद्याच्या चवळीबद्दल तुम्ही हेच सांगायचात. मला एकदम रडू आलं. ते बिचारे घाबरून चहा देऊ लागले.

बाबा, व्हाळाकडचा खालचा मळा यंदा तुम्ही करायचा नाही. धाकट्या काकांच्या मुलाशी मी बोललेय आणि तो करणार आहे. पंपाचे पैसे मी पाठवलेत. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन खाली उतरला असतात. दादाला काही बोलू नका, तो नकोच म्हणत होता. सगळं माझं आहे.

चिऱ्याच्या 41 पायऱ्या आहेत, मी लहानपणी मोजलेल्या. दोन्ही हातांत भरल्या कळश्या, आणि मिरचीला शिगम्यापर्यंत रोज पाणी. गेल्या माघात तुम्ही तिथेच पडलात आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं, तेही वहिनीच्या तोंडून चुकून. आई, त्या तीन आठवड्यांत तू माझ्याशी फोनवर काय काय बोललीस आठवतं? शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली हे सांगितलंस. मी रागावलेली नाही. थोडी आहे.

पाइपने पाणी मारलं की माती वाहते, मिरचीचं मूळ उघडं पडतं, हे मला पाठ आहे. त्यालाही सांगितलंय, पाइपचं तोंड गोणपाटावर सोडायचं आणि पाणी सरीतून न्यायचं. राख, शेणखत, सुकी तारली, सगळं तुमच्याच पद्धतीने. निम्मी सुकी मिरची घरी येईल, पावसाळ्याच्या पुरुमेंताला काही कमी पडणार नाही. तांबड्या भाजीची जुडी, मुळे, नवलकोल तो आईच्या हातात आणून देईल. बाबांच्या तोणाकाला आळसांदे असतील. आणि तुळशीमागच्या बावीजवळचे आठ वाफे तुमचेच. तिथे कोणी हात लावणार नाही. तुम्ही तरवा घातलाच असणार, मला ठाऊक आहे. त्यातली चांगली रोपं वर लावा, उरलेली त्याला द्या.

रोज शाळेच्या आधी छोटी कळशी घेऊन तुमच्या मागून उतरायचे, तेव्हा तुम्ही शेवटच्या सरीतलं पाणी मुद्दाम माझ्यासाठी ठेवायचात. मला वाटायचं, माझ्यावाचून मळा अडतो. शुक्रवारी आई म्हापशाला जुड्या विकून यायची तेव्हा टोपलीच्या तळाशी माझ्यासाठी खाजे असायचे. त्या टोपलीवरच मी शिकले. म्हणून "मळा सोडा" हे मी म्हणतेय याची मला लाज वाटते. पण परत 41 पायऱ्यांचा विचार करून रात्री झोप लागत नाही, आणि विमानाला किती तास लागतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता ऐका. सकाळी उठल्या उठल्या चालू लागायचं नाही, प्रेशरच्या गोळीने चक्कर येते. खाटेच्या कडेला जरा बसायचं. न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्यायचा, माणूस सोमवारी येतोय, त्याला "पुढच्या महिन्यात ये" म्हणायचं नाही. शेवाळलेल्या पायरीवर जुनी चप्पल नको. मोबाईल खिशात, देव्हाऱ्याशेजारी नाही. बांबोळीच्या इस्पितळाची तारीख चुकवायची नाही. आणि आई, तुझा मोतीबिंदू "एवढा काही नाही" असं तू गेली दोन वर्षं सांगतेयस.

माझी काळजी नको. घर उबदार आहे, पायात लोकरी मोजे आहेत, उकड्या तांदळाची पेजही होते. दिवाळीच्या फोवांना नव्हते, पण शिगम्याला नक्की येते. रजा मंजूर झालीय.

बाबा, एक राहिलं. आळसांद्याचं बी राख घालून ठेवलेलं मडकं कुठलं, आणि मिरचीचं कुठलं, ते आईला आणि काकांच्या मुलाला नीट दाखवा. बी कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे त्याला अजून कळत नाही. मलाही नाही कळत. मी आले की मलाही दाखवा.

तुमची,
बाय