घरातल्या सुया कुठे द्यायच्या? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझे मामंजी चौदा वर्षे इन्सुलिन घेत होते, शेवटी शेवटी दिवसातून तीनदा. दर वेळी नवी सुई वापरा, असे डॉक्टरांचे सांगणे. म्हणजे वर्षाला हजाराच्या वर सुया झाल्या. कितीतरी वर्षे आम्ही त्या टोपण लावून सुक्या कचऱ्यात टाकत होतो.

एका सकाळी घंटागाडीवरच्या ताईंनी मला हात दाखवला. "बाई, पिशवीत सुई हुती. आत गेली." अंगठ्याखाली रक्ताचा ठिपका होता. सुई आमची की शेजारच्या घरातली, हे कळायला मार्ग नव्हता. मला मात्र ती आमचीच वाटली, आजही वाटते. त्यांना घेऊन मी तडक दवाखान्यात गेले. रक्त तपासले, इंजेक्शन दिले, पुन्हा तपासणीला यायला सांगितले. बी आणि सी प्रकारची कावीळ, एचआयव्ही, असे काय काय होऊ शकते ते डॉक्टरांनी समजावले. पुढचे काही महिने नातवाला जवळ घ्यायलाही त्या भीत होत्या. अहवाल चांगले आले, पण त्या महिन्यांची भरपाई त्यांना कोण देणार?

दवाखान्यातल्या परिचारिकेने ताईंच्या इंजेक्शनला वापरलेली सुई एका पांढऱ्या जाड डब्यात टाकली होती. आतून टोक बाहेर येऊ नये असा हा डबा 2016 च्या जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतल्या कचऱ्याच्या नियमांनुसार दवाखान्यांना बंधनकारक आहे. तो न्यायला ठरलेली गाडी येते. तशीच सुई घरात वापरली की तिला डबा नाही, गाडी नाही, ती थेट ताईंच्या हातात.

त्यानंतर मी सुया फरशी पुसायच्या औषधाच्या जाड बाटलीत साठवू लागले. बाटली भरली तेव्हा औषधांच्या दुकानात नेली. वापरलेले आम्ही घेत नाही, म्हणाले. दवाखान्यात गेले, तर बाहेरचा कचरा घेता येत नाही. नगरपरिषदेतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सुक्या कचऱ्यात टाका म्हणाले. यांतल्या कोणावरही माझा राग नाही. त्यांना कोणी वेगळे सांगितलेलेच नव्हते.

पण नियमांत ते लिहिलेले होते. घरच्या आजारपणातला असा कचरा वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात द्यावा आणि तो उचलण्यासाठी शहरांतल्या स्थानिक संस्थांनी जैववैद्यकीय प्रक्रिया केंद्राशी व्यवस्था लावावी, असे त्याच 2016 च्या नियमांत आहे. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला, किंवा क्षेत्र त्याहून लहान असले तरीही, एक संकलन केंद्र सांगितले. त्याच्या वेळाही लोकांना कळवायच्या होत्या. या कचऱ्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, पारा असलेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल, फुटलेले थर्मामीटर हे सगळे येते. इतक्या वर्षांत आमच्या गावात असे एकही केंद्र मी पाहिलेले नाही.

आता 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि सॅनिटरी (पॅड, डायपर) यांच्या जोडीला विशेष काळजीचा, म्हणजे असाच घरगुती घातक कचरा वेगळा करायला सांगितले आहे. मनापासून स्वागत. मात्र चौथा डबा भरल्यावर तो रिकामा कुठे करायचा, हे ठरलेले नसेल तर लोक चार दिवस वेगळे करतील आणि पाचव्या दिवशी सगळे एकत्र टाकतील. ट्यूबलाइट घंटागाडीत फुटते, पारा हवेत जातो आणि गाडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. मोबाइलची बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते. उरलेली प्रतिजैविके मोरीत ओतली, तर ती शेवटी कृष्णेत.

हे जमणारे काम आहे. मुंबई महापालिकेने मे 2025 पासून सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी सेवा सुरू केली. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने त्याच वर्षी कोझिकोडमधून घरातली न वापरलेली औषधे गोळा करायला सुरुवात केली. आपल्या राज्यात कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे केंद्रे आहेत. बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. राहिला आहे तो आमच्या घरापासून तिथपर्यंतचा रस्ता.

म्हणून विनंती एवढीच. दवाखान्याचा कचरा न्यायला जी गाडी आमच्या गावात येतेच, तिला घरातल्या सुयांचे डबेही नेऊ द्यावेत. प्रत्येक नगरपरिषदेला एक पक्की खोली आणि आठवड्याचा एक ठरलेला वार नेमून द्यावा. शिवाय तिथून माल पुढे नेण्याचा खर्च राज्याने उचलावा, कारण लहान नगरपरिषदेला तो झेपणारा नाही. आणि घंटागाडीवरच्या प्रत्येक माणसाला बी प्रकारच्या काविळीची लस मिळावी. ही लस उपलब्ध आहे, ती द्यायला नव्या केंद्राची वाट पाहावी लागत नाही.

मामंजी गेल्या वर्षी गेले. त्यांच्या सुयांनी गच्च भरलेली ती बाटली अजून माळ्यावर आहे, वर चिकटपट्टी लावून, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवलेली. ती मी कोणत्या दिवशी, कुठे नेऊन द्यावी, हे कृपया कळवावे.

आपली,
कृष्णाकाठची एक निवृत्त शिक्षिका