शनिवारच्या जुन्या वूव्रे टेस्टिंगची आठवण

मंडळी, शनिवारी संध्याकाळी ६ ला भेटतोय, यावेळी फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या वूव्रे गावची १९४७ ची गोड व्हाइट वाइन उघडायचीये, तेव्हा उशीर नको. परफ्युम, अत्तर, आफ्टरशेव्ह काहीही लावून येऊ नका प्लीज, एकाने लावलं तरी कुणालाच वाइनचा वास नीट येत नाही. बाटली एकच, ७५० मिलीची आणि आपण १२ जण, म्हणजे प्रत्येकाला ६० मिलीच्या आतच, कुरकुर करू नये!

बाटली गुरुवारपासून उभी ठेवलीये, गाळ खाली बसावा म्हणून. बूच इतकं जुनं की साध्या स्क्रूने भुगा होईल, त्यामुळे दोन पात्यांचा ओपनर ज्याच्याकडे असेल त्याने आठवणीने आणा. रंग सोनेरी नाही, थेट मधासारखा तांबूस दिसला तर खराब झाली म्हणून ओरडू नका, वयाने होतो तसा, आणि हिच्या शेनिन ब्लां द्राक्षाचा आंबटपणाच एवढा जबर की गोड वाइनही इतकी वर्षं टिकते. आपल्या नाशिकची शेनिन पिणाऱ्यांनी ती चव डोक्यात ठेवून येऊ नये, द्राक्ष तेच पण हे प्रकरण वेगळंय. फार गार करणार नाही, १२ डिग्रीच्या आसपास. ओतल्यावर लगेच वास घ्या, काही जुन्या वाइन अर्ध्या तासात मान टाकतात. सोबत ब्रेड आणि साधं चीज, चिवडा-फरसाण नंतर. येणार नसाल तर उद्यापर्यंत सांगा, वेटिंगवर लोक आहेत.